नोरीनची काच

आमच्या स्कॉलबर्नमध्ये बिशपची गाठ पडेल, खासदाराची पडेल, पण डॉक्टर फेअरहर्स्टांची पडायची नाही. यात डॉक्टरांचा काडीचा दोष नव्हता. तो बापडा मऊ माणूस, समोर बसलेल्याला आता उठा म्हणायचीसुद्धा त्याला लाज वाटायची. दोष असलाच तर दवाखान्याच्या काचेमागे बसणाऱ्या नोरीन होलरॉइडचा होता. आणि तिला विचाराल तर तो दोष नव्हताच मुळी, ती तिची कर्तबगारी होती.

दार ढकलून आत गेलं की समोर काच, काचेला बशीएवढं भोक आणि भोकामागे नोरीन. केस असे घट्ट बसवलेले की ते हलवायची वाऱ्याची टाप नव्हती. काचेच्या अलीकडे खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या काचेकडे तोंड केलेल्या, म्हणजे भोकाशी उभा राहून कोण काय बोलतो ते मागच्या रांगेलाही ऐकू यावं. फोन सकाळी आठला सुरू व्हायचे. जरा आधी केलात तर कुणी उचलायचं नाही, जरा उशीर केलात तर त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या. मधल्या फटीत ज्याचा लागला तो भाग्यवान, आणि त्या भाग्यवानाला पहिला प्रश्न यायचा, "कशाबद्दल?"

विचारायचा तिला हक्क होता, ते नाकारून चालणार नाही. दवाखान्याचा नियमच तसा होता. कानातला मळ, टाके, इंजेक्शन हे नर्सकडे. पाठ, मान, गुडघे हे फिजिओकडे, जी एक बुधवार सोडून एक बुधवार यायची. उरलं ते डॉक्टरांकडे, तेही एका भेटीत एकच तक्रार. पण नियम राबवणं वेगळं आणि त्यात मजा घेणं वेगळं. कुणी हळूच "जरा खासगी आहे" म्हणालं की नोरीन चष्म्यावरून बघायची. "खासगी? मग काय टेबलाखाली येऊन सांगणार आहात का? बोला काय ते, मागे रांग आहे."

आणि जे बोललं जायचं ते काचेमागे राहायचं नाही. नाव ती कुणाचंच घ्यायची नाही, त्या बाबतीत मोठी सोवळी. फक्त म्हणायची, "पुलाजवळचं मटणाचं दुकान, आणखी काही मी बोलत नाही बाई." पुलाजवळ मटणाचं दुकान एकच, पिलिंगचं. पिलिंगला मूळव्याध झाली हे असं गावाला कळलं. तेव्हापासून तो बिचारा जाईल तिथे काखेत उशी घेऊन जायचा, आणि पोरंसोरंही त्याला उशीवाला म्हणायला लागली. तीस वर्षं मटण कापणारा माणूस, त्याच्या हाताला जे नाव मिळालं नाही ते बुडाला मिळालं.

वेळ घेऊन न येणाऱ्यांची तर ती सालटीच काढायची. दारावर दर महिन्याला तिच्या हातची पाटी लागायची, गेल्या महिन्यात इतके रुग्ण न कळवता गैरहजर राहिले. एकदा त्यात एडी टॅटरसॉलबाई सापडल्या. गरीब म्हातारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी पहाटे तिचा भाऊ गेला होता आणि त्या गडबडीत दवाखान्याची वेळ तिच्या डोक्यातून निसटली. आठवड्यानं ती भोकाशी येऊन उभी राहिली, तर नोरीननं भरल्या खोलीत तिला झाडलं.

"माझा भाऊ गेला हो," टॅटरसॉलबाई म्हणाल्या.

"वाईट झालं," नोरीन म्हणाली. "पण एक फोन करायला काय होतं?"

टॅटरसॉलबाई खुर्चीवर जाऊन बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि त्यांची पाळी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

आता नोरीनचा नवरा. क्लिफर्ड हा बसचा निवृत्त ड्रायव्हर, उंच, हाडकुळा, हळू बोलणारा. गाडी चालवताना उतारूंशी बोलू नये हा नियम त्याला इतका मानवला की तो त्यानं घरातही पाळला. संध्याकाळी टेबलाशी बसून नोरीन दिवसभरात काचेपाशी ऐकलेलं सगळं सोलून मांडायची, हा खिमा-बटाटा खात हुंकार द्यायचा. पिलिंगच्या उशीची गोष्ट त्यानं सगळ्यांत आधी ऐकली होती, आणि खोटं कशाला बोला, तोही घास अडकेपर्यंत हसला होता. त्याला जीव की प्राण होता तो फक्त बोल्सचा खेळ. क्लबमागच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचे, वाकायचं, एक डोळा मिटायचा, गोळा सोडायचा. गावाच्या संघात तो वर्षानुवर्षं पहिला खेळत आला होता.

जी गोष्ट नोरीनला सगळ्यांत शेवटी कळली ती तुम्हाला आधीच सांगून टाकलेली बरी. वसंतात, ईस्टरच्या सुमाराला, क्लिफर्डला संडासात रक्त दिसलं. पहिल्यांदा त्याला वाटलं बीट खाल्लं असेल. मग आठवलं, घरात बीट आणलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसलं, आणि मग दिसतच राहिलं. कुणाला सांगावं? दुसऱ्या कुठल्या गावी दवाखाना बघावा, तर नियमानं ज्या भागात राहता त्याच दवाखान्यात नाव. घरात सांगावं, तर घरात दवाखानाच बसलेला. त्याला उशीवाला पिलिंग दिसायचा. आपलं नाव काय पडेल याचा विचार तो अंथरुणात पडल्या पडल्या करायचा, आणि शेजारी नोरीन घोरत असायची.

शेवटी एका सकाळी ती कामाला गेल्यावर त्यानं आठच्या ठोक्याला फोन केला. हिशेब असा की खिडकीत दोघी असतात, नोरीन आणि तिच्या हाताखालची जॅनिस. जॅनिसनं उचलला तर बरं. उचलला नोरीननं.

"दवाखाना."

पलीकडून नुसता श्वास आला.

"दवाखाना! बोला की, का स्वर्गातून बोलताय?"

"होलरॉइड बोलतोय," क्लिफर्ड म्हणाला. "डॉक्टरांची वेळ पाहिजे होती."

नोरीनला क्षणभर कळेना. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिनं जॅनिसला खूण केली आणि फोनचं ते बटण दाबलं, ज्यानं पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"कोण होलरॉइड?"

"नोरीन, मी आहे."

"अस्सं. आणि कशाबद्दल, मिस्टर होलरॉइड?"

जॅनिस तोंडावर हात ठेवून खिदळली. ते खिदळणं तारेतून पलीकडे गेलं. क्लिफर्ड बैठकीच्या खोलीत उभा होता, पायात सपाता, आणि त्याचं आयुष्य त्या एका उत्तरावर अडकलं होतं. त्याला ते ठाऊकही होतं. तो म्हणाला, "खासगी आहे."

"खासगी? कुणापासून? माझ्यापासून?" नोरीन म्हणाली. "तुझ्या मोज्याला भोक कुठे पडलंय ते मला माहीत आहे, आणि तुला खासगी काय रे झालं?"

"गुडघा," क्लिफर्ड म्हणाला.

कुठून आला तो गुडघा देव जाणे. तोंडात आला आणि बाहेर पडला. नोरीननं मुळीच वेळ घालवला नाही. "गुडघे फिजिओकडे. मेच्या शेवटच्या बुधवारी. घरचा माणूस म्हणून कुणाला पुढे घुसवलेलं नाही मी आजवर, तुलाही घुसवणार नाही. आणि हे बघ, न येणार असलास तर..."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिच्या दृष्टीनं तो दिवस सोन्याचा गेला. दुपारच्या चहापर्यंत निम्म्या गावाला कळलं, की नोरीननं सख्ख्या नवऱ्याला रांगेत उभं केलं. आमच्याकडे या गोष्टीची फार किंमत. रांग मोडणाऱ्याला आम्ही चोराहून खालचा समजतो. नर्सबाई म्हणाल्या, "तुझ्यासारखी तूच गं." नोरीनला ते पुढे कितीतरी दिवस पुरलं.

क्लिफर्ड मात्र गुडघ्यात अडकला. गुडघा दुखतो म्हटल्यावर बोल्स कसं खेळणार? नोरीननंच क्लबला कळवून टाकलं. त्याची जागा एका पोस्टमनला दिली. शनिवारी क्लिफर्ड हिरवळीच्या कडेला बाकावर बसायचा आणि पोस्टमन चुकीचा गोळा चुकीच्या बाजूनं सोडताना बघायचा. उठताना न विसरता गुडघा चोळायचा. कधी डावा चोळायचा, कधी उजवा. क्लबात हशा पिकायचा, "काय गुडघेराव, आज कुठला?"

फिजिओकडे तो गेला. केरी नावाची पोरगी, आपल्या नातीएवढी. तिनं गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. म्हणाली, "काका, हा गुडघा तर नाचायला न्यावा असा आहे." क्लिफर्ड टोपी हातात फिरवत बसला. त्या खोलीत दोघंच होती, दार बंद होतं, आणि ती पोरगी खरोखर मायाळू होती. पण तिच्या वयाच्या मुलीला ते सांगायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेलं वाटलं. म्हणाला, "तरी दुखतो." तिनं त्याला व्यायाम लिहून दिले, खुर्चीत बसून पाय सरळ वर उचलायचे, धरून ठेवायचे, सोडायचे. शरद ऋतूत पुन्हा यायला सांगितलं, आणि ती तारीख नोरीननं तिथल्या तिथे भरून टाकली.

केरीचा नाचाचा विनोद काचेपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? नोरीननं त्यातून अर्थ काढला, की नवरा ढोंग करतोय. मागची खोली रंगवायची होती, ती टाळायला हे सगळं. मग तिनं चंगच बांधला. रोज संध्याकाळी टेबल आवरलं की ती चहाचा पेला घेऊन समोर बसायची आणि त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. "वर. अजून वर. नाचायला न्यायचाय ना गुडघा? धर तसाच." आणि तो धडधाकट गुडघ्याचा माणूस निमूटपणे पाय वर उचलायचा. घाम यायचा त्याला. तोंड राखेसारखं व्हायचं. तिला वाटायचं, आळस बाहेर पडतोय.

एक गोष्ट मात्र तिला त्या उन्हाळ्यात फार आवडली. क्लिफर्ड आपले कपडे आपण धुवायला लागला. चादरसुद्धा. ती कामावरून यायची तर दोरीवर सगळं वाळत. दवाखान्यात तिनं ते मिरवून सांगितलं, "चाळीस वर्षं लागली, पण शेवटी माणसाळवला एकदाचा." जॅनिस म्हणाली, "माझ्याकडे पाठव त्याला महिनाभर." दोघी खूप हसल्या. तो बारीक होत चालला होता, विजार पट्ट्यानं आवळून घ्यायला लागला होता, ते तिला दिसलं नाही असं नाही. तिनं त्याच्या ताटात बटाटे वाढवले.

ऑगस्टच्या एका सोमवारी क्लिफर्डनं निर्धार केला. लग्ना-मयताचा काळा कोट घातला, टाय बांधला, दाढी केली, कारण डॉक्टरकडे जाताना आमच्या पिढीची माणसं अशीच जातात, पोट फाटलेलं असलं तरी शर्ट इस्त्रीचा. नोरीन गेल्यावर मागोमाग निघाला. दवाखान्याच्या दाराशी रांग लागली होतीच. तो रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे पिलिंग, काखेत उशी. पुढे टॅटरसॉलबाई. दार उघडलं, रांग काचेकडे सरकली, आणि नोरीननं मान वर केली तर भोकापलीकडे तिचा नवरा.

खोलीला वास लागलाच. जॅनिस फाइली टाकून पुढे आली. मागची माणसं गप्प झाली, खेळ सुरू होताना होतात तशी. आणि नोरीन, तिचं काय सांगावं, तिला लोकांसमोर कुणी असं आयतं हाती लागलं की राहवायचंच नाही.

"नाव?"

पहिला हशा.

"नोरीन..."

"नोरीन माझं नाव. तुमचं?"

"क्लिफर्ड होलरॉइड."

"जन्मतारीख?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत असून चालत नाही, मिस्टर होलरॉइड. तुम्हाला माहीत पाहिजे." पिलिंगसुद्धा हसला. नेहमी आपल्यावर हसणारी खोली आज दुसऱ्यावर हसतेय, याचंच त्याला बरं वाटलं असेल. "आणि कशाबद्दल?"

क्लिफर्डनं दोन्ही तळवे काचेखालच्या फळीवर टेकले. वाकला. भोकाजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाला, "जरा आत येऊ का? तुला एक सांगायचंय."

आता खरं सांगायचं तर नोरीनला त्याच्या तोंडावर काहीतरी दिसलं. हे तिनंच पुढे कबूल केलं. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहून गेला होता, आणि त्याच्या वर डोळे असे होते की ते तिनं कधी पाहिले नव्हते. एक पळभर तिचा हात बाजूच्या दाराच्या कडीकडे गेला. पण खोली हसत होती. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, पुढचं वाक्य काय येतं म्हणून. ते सुख तिला सोडवेना.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "काच जाड आहे."

खोली फुटली. क्लिफर्ड सरळ झाला. त्यानं मागे वळून बघितलं, उशीकडे बघितलं, आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"गुडघा," तो म्हणाला.

"गुडघ्याला ऑक्टोबरची तारीख दिलीय. चला, पुढे कोण?"

तो बाहेर पडला. जाताना त्यानं दार ओढून नीट लावलं, कारण ते आपोआप लागत नसे आणि उघडं राहिलं की नोरीन ओरडायची.

त्यानंतर त्यानं पुन्हा प्रयत्न केला नाही. संध्याकाळी पाय उचलायचा, बटाटे ताटात इकडून तिकडे करायचा, चादरी धुवायचा. सप्टेंबरात एका संध्याकाळी नोरीन चहा घेऊन समोर बसली होती. "वर," ती म्हणाली. त्यानं पाय वर केला. "अजून. काल याहून वर गेला होता." त्यानं अजून वर केला, आणि तो पाय खाली आलाच नाही नीट. सगळा माणूसच खुर्चीवरून खाली घसरला. ती म्हणाली, "पुरे झाली नाटकं." मग तिला खुर्चीची गादी दिसली.

मोठ्या इस्पितळात पडद्याआड एका पोरसवदा डॉक्टरनं क्लिफर्डला विचारलं, कधीपासून? क्लिफर्ड म्हणाला, ईस्टरपासून. डॉक्टरनं पेन थांबवलं. नोरीनकडे बघितलं, मग पुन्हा क्लिफर्डकडे. मग तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. सगळीकडे पसरलं होतं. वसंतात आला असता तर गोष्ट वेगळी होती, असं तो पोरसवदा डॉक्टर म्हणाला, आणि असं म्हणायची काही गरज नव्हती.

नोरीन पलंगाशी बसली. तिला आधी राग आला. तिला कुठलंही दुःख झालं की ते रागाच्याच वाटेनं बाहेर यायचं.

"मला का नाही सांगितलंस? मी दवाखान्यात बसते रे! जगातल्या सगळ्या बायकांत मलाच नाही सांगितलंस?"

क्लिफर्डच्या नाकात नळी होती. तो छताकडे बघत होता.

"फोन केला होता की," तो म्हणाला.

"तू गुडघा म्हणालास!"

"जॅनिस हसत होती," क्लिफर्ड म्हणाला. "मग आलोही होतो. कोट घालून."

एवढंच. त्यानं तिला दोष दिला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर तिला सोपं गेलं असतं, तिनं दोन परत दिल्या असत्या. तिनं त्याचा हात धरला, तर त्यानं तो धरू दिला. आणि ते तिला सगळ्यांत जास्त लागलं, कारण कुणी अनोळखी बाईला धरू द्यावा तसा धरू दिला होता.

डॉक्टर फेअरहर्स्ट भेटायला आले. बाहेरच्या वाटेत ते तिच्यासमोर उभे राहिले. आयुष्यात कुणाला टाकून न बोललेला माणूस. म्हणाले, "नोरीन, तुमच्या खुर्चीतून माझं दार दिसतं हो." आणि रुमालानं चष्मा पुसत निघून गेले.

पानं गळायला लागली तसा क्लिफर्ड गेला. मयताला बोल्सचा सगळा संघ आला होता, पोस्टमनसकट. क्लबच्या खोलीत चहा, हॅम सँडविच, वर मोहरीची चटणी. लोक हळू आवाजात बोलत होते, आणि हळू आवाजातलं नेमकं नोरीनला ऐकू येत होतं, आयुष्यभराची सवय. "गुडघ्यानं कधी माणूस जातो का हो?" "अगं गुडघा कसला, ते खालचं होतं. रक्त जात होतं म्हणे महिनोन् महिने, आणि ही काचेमागे बसून..." पिलिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं उशी या काखेतून त्या काखेत घेतली आणि निघून गेला.

घरी बसून तिला वेड लागायची पाळी आली. बँक, पेन्शन, दूधवाला, पेपरवाला, बोल्स क्लबची वर्गणी, जिथे जिथे क्लिफर्डचं नाव होतं तिथे तिथे तिनं फोन करून ते बंद केलं. ते करताना आवाज अगदी कामाचा, जणू परक्या कुणाचं आवरतेय. सगळं आवरून झाल्यावर मग करायला काही उरेना. जॅनिस रजेवर जाणार होती, खिडकीत बसायला कुणी नव्हतं. नोरीन परत कामावर आली.

"कशाबद्दल?" आता ती हळू विचारायची. इतकी हळू, की लोकांना ऐकू यायचं नाही आणि तेच मोठ्यानं म्हणायचे, "काय म्हणालात? काच जाड आहे हो." मुद्दाम म्हणायचे की सहज, ते तिला कळायचं नाही. आम्हाला विचाराल तर काही जण मुद्दामच म्हणायचे.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी खोली भरलेली होती. पिलिंग होता. टॅटरसॉलबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, गैरहजरांच्या पाटीखाली, पर्स मांडीवर. फिजिओचा दिवस होता. केरी गावोगाव फिरणारी पोरगी, तिला इथलं काही कानावर आलेलं नव्हतं. तिनं खोलीचं दार उघडलं, आणि नाव पुकारलं.

"मिस्टर होलरॉइड?"

कुणी हललं नाही. नोरीनचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"क्लिफर्ड होलरॉइड?" केरीनं खुर्च्यांवरून नजर फिरवली. हसून म्हणाली, "आमचे नाचणारे गुडघे?"

सगळं बंद केलं होतं तिनं. दूधसुद्धा. हे एक राहिलं होतं, आणि हे तिच्या स्वतःच्या टेबलावरचं होतं, तिनं स्वतः भरलेलं.

"आले नाहीत वाटतं," केरी म्हणाली. मग काचेकडे वळून जरा वैतागून म्हणाली, "कळवलंही नाही का त्यांनी? या वेळेसाठी किती जण थांबलेत, बघा ना."

पिलिंगनं उशीकडे बघत मान खाली घातली. कुणीतरी केरीला खुणावायला हात उचलला होता, तेवढ्यात टॅटरसॉलबाईंनी घसा साफ केला. त्यांनी मान वर केली. किती दिवस ते वाक्य त्यांनी पर्समध्ये जपून ठेवलं होतं कुणास ठाऊक. आवाज चढवला नाही, तरी मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेला.

"एक फोन करायला काय होतं गं, नोरीन?"

कुणी हसलं नाही. नोरीन पुढे वाकली आणि तिनं भोकाशी तोंड नेलं.

"केला होता," ती म्हणाली. "त्यानं फोन केला होता."

"मग मला निरोप कसा नाही?" केरीनं विचारलं. "उचलला कुणी?"

"मी," नोरीन म्हणाली.

केरीला काही उमगलं नाही. तिनं मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.